न उचललेला भंडारा

मी बी.ए. झालोय, इतिहास घेऊन. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी छोटा हत्ती टेम्पो चालवतो असं कळलं की लोकांना वाटतं, हा काय लिहिणार. निपाणीपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव. गावातल्या चौदा बायकांची टोळी रोज सकाळी माझ्या गाडीत चढते. ज्याच्या रानात काम असेल तिथं मी त्यांना सोडतो आणि संध्याकाळी परत आणतो. मधल्या वेळात खताची पोती, भाजीचे क्रेट, कधी कुणाची आजारी म्हैस. चौदा बायका मागं बसल्या की गावातली कुठलीच गोष्ट माझ्यापासून लपत नाही. पेपर विकत घ्यायची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही.

या चौदातली एक सुविधाक्का. मी कुणाला सहजासहजी मोठं म्हणणारा माणूस नाही. आमच्या भागात चौकाचौकात मोठ्या माणसांचे फ्लेक्स लागतात. त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे आहेत, आणि म्हणूनच त्या शब्दावरचा माझा विश्वास उडालाय. पण सुविधाक्काची गोष्ट आठवली की अजून अंगावर काटा येतो. गेल्या मार्गशीर्षात जे झालं ते मी गाडीच्या काचेतून बघितलं, आणि त्यातलं थोडं पाप माझ्याही माथ्यावर आहे.

सुविधाक्का पंचेचाळिशीची असेल. बुटकी, सावळी, चालताना उजवा पाय जरा ओढते. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि आई तानीबाईजवळ राहिली. आमच्या गावात ख्रिस्ती घरं नऊ. सुविधाक्काचे आजोबा देवाप्पा मिशनच्या दवाखान्यातून बरे होऊन आले ते येशूचं नाव घेऊनच आले, अशी गोष्ट म्हातारे सांगतात. त्या नऊ घरांचं मिळून पत्र्याचं एक छोटं चर्च आहे. त्याला घंटा नाही. रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय आणि रविवारी सकाळी गुंडूअण्णा तो हातोडीनं वाजवतात. त्या दिवशी सुविधाक्का कामावर येत नाही. दुपारच्या सुट्टीत सगळ्याजणी बांधावर जेवायला बसल्या की ती डोळे मिटून पुटपुटते, आणि तेवढ्यात कुणीतरी तिच्या भाकरीवरची चटणी पळवते. हा रोजचा खेळ. डोळे उघडले की ती म्हणते, "घ्या की गं, मागितली असतीसा तर दिली असती."

आता सोन्याचं सांगतो. आमच्याकडचं खरं पीक तंबाखू. झाड छातीएवढं झालं की त्याचे शेंडे खुडावे लागतात आणि बगलेत फुटणारे कोंब काढावे लागतात. हे काम बायकांचं. तंबाखूला चीक असतो. तो हाताला लागला की हात डांबर लावल्यासारखे काळे होतात आणि चिंच लावून घासले तरी लवकर निघत नाहीत. पानं गळ्याला, कानाला घासतात. त्यामुळं रानात शिरण्याआधी बायका गळ्यातलं, बोटातलं सोनं काढतात. मंगळसूत्र तेवढं पोलक्यात खोचतात, बाकीचं सगळं कुणीतरी एकीनं सांभाळायचं. आणि आमच्या टोळीत ते सांभाळायची सुविधाक्का.

हा मान तिला कसा मिळाला तेही ऐका. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका मळ्याच्या मालकानं विचारलं, "काल काम कवा सोडलासा?" तेराजणी म्हणाल्या, पाचला. सुविधाक्का म्हणाली, साडेचारला. मग काय, दोन दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी टोळीची मुकादमीण मालुबाई हिनं स्वतःच्या हातानं आपली अंगठी आणि गळ्यातली टीक काढून तिच्या हातात ठेवली. म्हणाली, "जी सोताच्या फायद्यासाठी खोटं बोलत न्हाई, ती माजं सोनं काय खाणार?" तेव्हापासून रोज सकाळी बांधावर सुविधाक्का रुमाल पसरते, बायका त्यात आपापलं टाकतात, आणि ती गाठ मारून तो कमरेच्या पिशवीत ठेवते. बायका तिला बँक म्हणतात. एवढ्या वर्षांत एक मणी इकडचा तिकडं झाला नाही.

आता राजाबाई. राजाबाई म्हणजे माझी सख्खी चुलती, टोळीतलीच एक. जीव लावणारी, पण घाबरट. कारण आमचे मारुतीकाका, म्हणजे मारुतीराव, आवाज चढवूनच जन्माला आलेत. त्यांची मुलगी पूर्णिमा हिनं दोन वर्षांपूर्वी बेळगावात दीपंकरशी नोंदणी लग्न केलं. दीपंकर कोर्टात कारकून आहे, गुणी आहे, पण आपल्यातला नाही. काकांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं, की पोरगी मला मेली आणि जो तिचं तोंड बघेल तोही मेला. काकी दोन वर्षं गप्प राहिली. मग पूर्णिमाला मुलगी झाली.

त्या आठवड्यात मी बेळगावच्या मार्केटला कोबी घेऊन निघालो होतो. काकी म्हणाली, डोळे दाखवायला येतो. (आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात.) डोळे दाखवलेच नाहीत. मला गाडी बेळगावच्या शहापूर भागात पूर्णिमाकडं न्यायला लावली. तिथं दोन खोल्यांत पूर्णिमाच्या मांडीवर बाळ होतं. काकीनं ते घेतलं, हुंगलं, आणि एकदम गळ्यातली बोरमाळ काढून बाळाच्या अंगावर ठेवली. ती तिला तिच्या आईनं दिली होती. येताना गाडीत ती म्हणाली, "विक्रम, माज्या गळ्याची शपथ हाय तुला. कुणाला सांगू नगं." मी म्हटलं, बरं. आमच्या घरात शपथा चहासारख्या येतात-जातात.

चार दिवस काकी गळ्याभोवती पदर गुंडाळून वावरली. पाचव्या दिवशी सकाळी काकांना वाढताना पदर सरकला.

"बोरमाळ कुठाय?"

काकीच्या तोंडून जे निघालं ते निघालं. "सुविधाकडं ऱ्हायली. तंबाखूत जाताना दिलती, सांजचं घ्यायची इसारली."

तिला वाटलं असेल, वेळ मारून नेऊ, उद्याचं उद्या बघू. पण काका ताटावरून उठले आणि थेट सुविधाक्काच्या दारात गेले. सुविधाक्का म्हणाली, "राजाक्काची माळ चार-पाच दिसात माज्याकडं आलीच न्हाई." ती एवढंच बोलली. चढवून बोलली नाही, रडली नाही. काकांनी काकीला पुन्हा विचारलं. आता काकीला मागं फिरायला वाट नव्हती. ती म्हणाली, "दिलती."

आमच्याकडं असल्या भांडणाचा निकाल पोलीस ठाण्यात लागत नाही. बिरदेवाच्या देवळात लागतो. देवापुढच्या भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, चिमूट उचलायची आणि बोलायचं. खोटं बोलला तर देव बघून घेतो. मीही हे मानतो, इतिहास शिकलो म्हणून काय झालं. भंडारा उचलून खोटं बोललेल्या माणसाचं काय झालं, याच्या दहा गोष्टी प्रत्येक घरात आहेत. त्यामुळं ज्यानं भंडारा उचलला त्याला गाव पुन्हा प्रश्न विचारत नाही. तो सुटला.

दिवस मावळायच्या आत सगळे देवळात जमले. टोळी, काका, शेजारपाजारचे. ख्रिस्ती घरांतून गुंडूअण्णा आले होते. काका म्हणाले, टोळीतल्या सगळ्यांनी उचलायचा. मालुबाईनं आधी उचलला. मग एकेकजणीनं. "मी राजाबाईची माळ घेतली न्हाई, मला ठाव न्हाई." मग काकीची पाळी आली. तिचा हात एवढा थरथरत होता की हळद निम्मी खाली सांडली. ती म्हणाली, "मी सुविधाला दिलती." लोकांना वाटलं, माळ गेल्याच्या दुःखानं थरथरतेय.

मग काका माझ्याकडं बघून म्हणाले, "गाडी याची. यानं बी उचलू दे."

मी पुढं गेलो. माझ्या मागं काकीचा श्वास मला ऐकू येत होता. देवाला भ्यालो, पण त्याहून जास्त त्या जमलेल्या माणसांना भ्यालो. मी चिमूट उचलली आणि म्हणालो, "मला काय म्हाईत न्हाई."

शेवटी सुविधाक्का राहिली. खरं सांगतो, तेव्हा देवळात एकही माणूस तिच्या विरुद्ध नव्हता. काका सोडले तर सगळ्यांना वाटत होतं की ही माळ घेणार नाही, काहीतरी घोळ आहे. तिनं चिमूट उचलायची, न्हाई म्हणायचं, आणि सगळ्यांनी घरी जायचं. पुढं देव आणि चोर बघून घेतील.

मालुबाईनं भंडाऱ्याचं ताट तिच्यासमोर धरलं. "उचल गं, आणि चल."

सुविधाक्का म्हणाली, "मी शपथ घेत न्हाई, मालुआक्का."

"अगं चिमूटभर हळद हाय."

"हळदीचं काय न्हाई. हळद माज्या घरात बी हाय. शपथेचं हाय. माज्या देवानं सांगितलंय, शपथ वाहू नगं, तुजं बोलणं व्हय तर व्हय आणि न्हाई तर न्हाई एवढंच असू दे. मी न्हाई म्हणलो. संपलं."

कुणीतरी मागून सुचवलं, "मग तुमच्या बायबलावर हात ठेव की. तुझा देव, तुझं पुस्तक. आमचं काय म्हणणं न्हाई." सगळ्यांना ते पटलं. लोक बिचारे खरोखर वाट काढत होते.

"त्यातच लिवलंय शपथ घिऊ नगं," सुविधाक्का म्हणाली, "आणि त्याच्यावरच हात ठिऊन शपथ घिऊ व्हय?"

दोघं-तिघं हसले. पण काकांचा आवाज चढायला लागला होता. तेव्हा गुंडूअण्णा पुढं आले. नऊ घरांत त्यांचा शब्द मोठा. ते हळू आवाजात म्हणाले, "सुविधा, कोर्टात आपली माणसं घेत्यात की शपथ. देव एवढं धरत न्हाई. आपण नऊ घरं हाय, पोरी. गावात ऱ्हायचंय."

सुविधाक्कानं त्यांच्याकडं बघितलं. तेवढ्या वेळेपुरता तिचा चेहरा पडला. बाकी कुणाच्या बोलण्यानं पडला नव्हता. ती म्हणाली, "अण्णा, ह्ये वचन तुमीच शिकिवलासा मला. मी आठ वर्साची हुतो."

गुंडूअण्णा खाली बघायला लागले.

मालुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ताट खाली ठेवलं, सुविधाक्काचे दोन्ही हात धरले. "अगं बाई, आमाला म्हाईत हाय तू घेतली न्हाईस. पर तू उचलला न्हाईस तर आमी काय करायचं? आमी समद्यांनी उचलला. तुला येगळा न्याय कसा?"

"मालुआक्का, एवढी वर्सं नुसत्या माज्या शब्दावर सोनं ठेवलासा. तवा हळद मागितली न्हाईसा."

मालुबाईनं तिचे हात सोडले. काका पुढं सरसावले. ते ओरडले, "उचलत न्हाई म्हंजे हिनंच खाल्ली!" आणि मग गर्दीचं जे होतं ते झालं. एकानं मान हलवली, त्याचं बघून दुसऱ्यानं. पाच मिनिटांपूर्वी जी माणसं तिला सोडवायला धडपडत होती तीच म्हणायला लागली, काहीतरी असेल म्हणूनच उचलत नाही. सुविधाक्का पायरी उतरून घराकडं गेली. पाय नेहमीपेक्षा जास्त ओढत होता. मी देवळाच्या खांबाला टेकून उभा होतो. माझ्या बोटांना हळद होती आणि मी ती पँटीला पुसत होतो.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. त्या देवळात खरं बोलणारी एक बाई होती आणि तिनं शपथ घेतली नाही. आणि खोटं बोलणारे दोघं शपथ घेऊन सुटले. त्या दोघांतला एक मी.

दुसऱ्या दिवशी मालुबाई गाडीच्या पुढच्या सीटवर बसून म्हणाली, "तिच्या गल्लीपाशी थांबू नगं." सुविधाक्का नेहमीच्या जागी भाकरीचं गठुडं घेऊन उभी होती. मी गाडी थांबवली नाही. आरशात बघितलं, तर ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग चालायला लागली.

तिला गावात कुणी काम दिलं नाही. चार किलोमीटरवर एका कानडी शेतकऱ्याचा कांदा होता. त्याला आमच्या गावातली भानगड माहीत नव्हती. तिथं ती एकटी भांगलायला, म्हणजे तण काढायला, जाऊ लागली. आमचा रस्ता तोच. रोज सकाळी आमची गाडी तिला गाठायची. ती धुळीतून बाजूला व्हायची, आणि गाडी जवळून गेली की हात वर करायची. रोज. गाडीत तेराजणी बसलेल्या असायच्या. ज्यांच्या बाळंतपणात ती रात्रंदिवस राबली होती, ज्यांच्या पोरांना तिनं आपल्या घासातला घास दिला होता. एकीचाही हात वर झाला नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही थोड्या दिवसांत दमेल. बाराव्या दिवशीही हात वर झाला. ओढत्या पायाची ती बुटकी बाई, आणि गावात एक माणूस नाही तिच्या बाजूला. कुठलं बळ होतं ते? मी आयुष्यात असली ताकद बघितली नव्हती, आणि मला तिची भीतीच वाटायला लागली.

टोळीचं मात्र हसू झालं होतं. सोनं आता मालुबाईकडं. ती दर दहा मिनिटांनी कमरेला हात लावून बघायची आणि तिच्या हातून शेंड्याऐवजी पानंच खुडली जायची. शेवटी बायकांनी सोनं घरीच ठेवायला सुरुवात केली. कुणी कुणाला स्पष्ट बोललं नाही, पण कुणाचा कुणावर भरवसा राहिला नव्हता. भंडारा तर सगळ्यांनीच उचलला होता.

तेराव्या दिवशी दुपारी मी कांद्याच्या रानापाशी गाडी थांबवली. सुविधाक्का बांधावर बाभळीखाली एकटी बसली होती. भाकरी सोडलेली, डोळे मिटलेले. मी चार पावलांवर थांबलो. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून असेल, ती मोठ्यानं प्रार्थना करत होती. मला वाटलं, मागत असेल, देवा माझं नाव साफ कर. ती म्हणत होती, "आणि राजाक्काला झोप लागू दे, देवा. तिचं डोळं लई सुजल्यात."

काकी बारा दिवस झोपली नव्हती. हे घरातल्या माणसांच्याही ध्यानात आलं नव्हतं. धावत्या गाडीच्या फळक्यामागं बसलेल्या काकीचा चेहरा ही रोज रस्त्याच्या कडेनं बघत होती.

तिनं डोळे उघडले. "विक्रम? ये, जेव."

"आक्का, माळ कुठाय मला म्हाईत हाय," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. बेळगाव, पूर्णिमा, बाळाच्या अंगावर ठेवलेली बोरमाळ, काकीनं घातलेली शपथ, देवळात मी बोललेलं खोटं.

मग तिनं विचारलं, "पोरगी झाली काय पोरगा?"

"पोरगी."

"बरं झालं," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले. मला वाटलं होतं ती रागावेल, निदान मला तरी.

"मी आज सांगतो समद्यास्नी," मी म्हणालो. "देवळात उभं ऱ्हाऊन सांगतो. तू मोकळी हो."

"तू जे बोललास ते तुजं तू निस्तर. ते कवा बी निस्तर, आज निस्तर. पर राजाक्काचं तू सांगू नगं. तू सांगितलंस तर मारुतीराव तिला सोडायचा न्हाई, आणि पोरीचं दार कायमचं बंद हुईल. तिचं तिला सांगू दे."

"आणि तुजं नाव? चोर म्हणत्यात तुला."

"मला कुणी इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई. पर मला कुणी इचारतच न्हाई की रं, बोलतंय कोण माज्याशी?" ती हसली. मग हसू थांबलं. "असं समजू नगं की मला काय वाटत न्हाई. आई घरात धड बोलत न्हाई माज्याशी. म्हणती, चिमूट उचलली असतीस तर काय झिजली असतीस? पयल्या रात्री मी लई रडलो. सकाळी उठून देवळात जायला पाय बी उचलला हुता. मग म्हणलं, आज शपथ घेतली तरच मी खरी, असं ठरलं, तर काल नुसती बोललेली मी कोण? येशूनं माज्यावर भरवसा टाकलाय, सुविधाचं न्हाई म्हंजे न्हाई. त्येला कसं खाली बघायला लावू?"

तिनं भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात ठेवली.

संध्याकाळी मी काकीकडं गेलो. ती तांदूळ निवडत बसली होती. काका बाहेर होते. मी म्हणालो, "काकी, सुविधाक्काला मी समदं सांगितलंय." तिच्या हातातलं सूप खाली आलं. "भिऊ नगं. ती कुणाला सांगणार न्हाई. ती म्हणली, तुजं तुला सांगू दे." मग मी तिला बांधावर काय ऐकलं ते सांगितलं.

"माज्यासाठी झोप मागती?" काकीनं विचारलं.

"रोज मागत असंल."

सांडलेले तांदूळ काकीनं तसेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी चावडीपुढं लावली. बायका चढल्या. समोर चहाच्या टपरीवर काका चारचौघांत बसले होते. काकी सगळ्यात शेवटी आली, गठुडं न घेता. ती गाडीत चढली नाही. गाडीच्या मागं उभी राहून ती मोठ्यानं बोलायला लागली. माझ्या काकीचा मोठा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "बोरमाळ मी सुविधाला दिली न्हवती. पूर्णिमाच्या पोरीला दिली. माज्या नातीला. मी भंडारा उचलून खोटं बोललो. देवानं मला काय करायचं ते करावं, पर सुविधा चोर न्हाई."

मी गाडीतून उतरलो आणि म्हणालो, "मी बी खोटं बोललो. मला म्हाईत हुतं." मालुबाईनं मला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण त्या घातल्यावर मला बरं वाटलं.

सगळे काकांकडं बघत होते. काका उठले, चहाचा ग्लास तसाच ठेवला आणि मळ्याकडं चालू लागले. पुढं आठ दिवस ते घरात एक शब्द बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "पोरगी कुणावर गेलीया?" पण ते पुढचं.

त्या सकाळी मालुबाई बायकांशी दोन शब्द कुजबुजली आणि गाडीतून उतरून पळतच सुविधाक्काच्या घरी गेली. तिच्या पाया पडली म्हणे. मी ते बघितलं नाही. मी बघितलं ते हे, की दोघी बरोबर आल्या, मालुबाईनं तिचं गठुडं स्वतः घेतलं होतं आणि गाडीतल्या बायका उभ्या राहिल्या होत्या. कुणी रडत होतं, कुणी हात पुढं करत होतं. काकी चावडीच्या भिंतीला लागून एकटी उभी होती.

"चढ," मालुबाई म्हणाली. "आणि ऐक, आजपासनं राजी आपल्या टोळीत न्हाई. देवापुढं खोटं बोलली, तुला चोर केलं. आमी बाराजणींनी ठरिवलंय."

सुविधाक्कानं गाडीच्या फळीवर पाय ठेवला होता. तो तिनं खाली घेतला.

"मग मी बी न्हाई."

"अगं, तुज्यासाठीच करतोय आमी!"

"माज्यासाठी करू नगासा. मला टाकलासा तवा बी समद्यांनी मिळूनच ठरिवलासा."

सुविधाक्का वळली आणि पाय ओढत भिंतीपाशी गेली. काकीच्या शेजारी उभी राहिली. काकी खालमानेनं म्हणाली, "जा गं तू. माजी लायकी न्हाई." सुविधाक्कानं तिचा हातही धरला नाही. नुसती तिच्याइतकीच भिंतीला टेकून उभी राहिली, जणू दोघींनाही त्याच गाडीनं टाकलंय.

मी इंजिन बंद केलं. मळ्याच्या मालकाचा मालुबाईला फोन आला, तिनं तो घेतला नाही. पुन्हा आला, पुन्हा घेतला नाही. ऊन चावडीच्या पत्र्यावरून खाली उतरून त्या दोघींच्या पायांपर्यंत आलं. त्या बाराजणी एकमेकींकडं बघत होत्या. एरवी तोंड बंद न ठेवणाऱ्या या बायका. मला वाटत होतं, कुणीतरी बोला, देवासाठी बोला. आणि बोलायची हिंमत माझ्यातही नव्हती. ती फक्त भिंतीला टेकलेल्या त्या एका बाईत होती, आणि ती आवाजही न करता आम्हा सगळ्यांना जागेवर धरून होती. बाराजणींचा निर्णय तिच्यापुढं उभा राहू शकत नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

शेवटी मालुबाईनं पदरानं नाक पुसलं.

"सरका गं जरा," ती मागच्यांना म्हणाली. "दोघींची जागा करा."

बायका सरकल्या. मी उतरून मागचं फळकं पाडलं. सुविधाक्कानं आधी काकीला चढवलं.